सखाराम गुरुजी हजर आहेत

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षं संसार केला आम्ही. तिच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसून होतो — तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. मुलाला नाही, सुनेला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि आज मला राग आलाय.

कशाचा राग? इथं सांगलीत, विश्रामबागेत आम्ही चार म्हातारे रोज सकाळी एका बाकावर बसतो. परवा त्यातल्या एकानं वर्तमानपत्र उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागला — देशातल्या प्राथमिक शिक्षकांची संख्या कशी वर्षागणिक वाढत चालली आहे, शेजारी चढत्या रेघेचं चित्र. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक निवृत्त मामलेदार आहेत आमच्यात, ते म्हणाले, "प्रगती आहे!" आणि मी एकदम ओरडलोच. म्हटलं, कोण मोजतं हे? कुठं बसून मोजतं? त्या शाळेच्या दारात जाऊन बघितलंय का कुणी? मामलेदार म्हणाले, "तुम्हाला काय झालं एकाएकी?" मी काठी उचलली आणि घरी आलो.

काय सांगणार होतो त्यांना? असली एक रेघ मी स्वतः काढलीय, हे?

तेव्हा मी साताऱ्यात होतो. दुसरी मोठी लढाई चालू होती. शाळाखात्याच्या कचेरीत मी कारकून, आणि माझ्याकडं एक मानाचं काम होतं — जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक किती, हे दर मार्चअखेर मोजायचं, वर कळवायचं, आणि साहेबांच्या खुर्चीमागं भिंतीवर जो मोठा तक्ता होता त्यावर तांबड्या शाईनं रेघ पुढं ओढायची. माझं अक्षर चांगलं, हात स्थिर. रेघ ओढताना श्वास रोखून धरायचो मी. इतकं प्रेम!

लढाईच्या आधी ती रेघ दरवर्षी थोडी थोडी चढायची. मग शिक्षक जायला लागले. का नाही जाणार? आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत. सातवी फायनल झालेला माणूस पलटणीत गेला की कारकून व्हायचा, रेशनच्या कचेरीत गेला की चार लोक त्याला साहेब म्हणायचे. आणि डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेत काय होतं? गळकं छप्पर, आणि पावसाळ्यात चार महिने वाट बंद. गुरुजी, गुरुजी म्हणून पाया पडायचं आणि त्याच्या घरी चूल कशी पेटते ते विचारायचं नाही — ही आपली रीत. मेढ्याच्या वर, महाबळेश्वरच्या डोंगराकडच्या शाळांना एकामागून एक कुलपं लागली. रेघ उतरणार, हे दिसत होतं.

साहेब चिडले. त्यांची बढती तोंडावर आली होती. "माझ्या कारकिर्दीत ही रेघ खाली आलेली मला चालायची नाही," म्हणाले.

इथं मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितलीय, आणि दर वेळी इथं साहेबांना चार शिव्या घालून पुढं गेलोय. त्यांनी करायला लावलं. वरचा हुकूम. गरीब कारकून काय करणार? — खोटं आहे हे. साहेबांना काहीच सुचत नव्हतं. ते नुसते फेऱ्या मारत होते. सुचलं ते मला.

मी म्हटलं, साहेब, लढाईवर गेलेल्यांची नोकरी आपण राखून ठेवलीय. नाव आपल्याच पटावर आहे. मग ते आपलेच शिक्षक ना? 'रजेवर' म्हणून वेगळा रकाना कशाला हवा? सगळे एकाच रकान्यात घेऊ — हजर.

साहेब थांबले. माझ्याकडं बघून हसले. पुढच्याच वर्षी मी हेडक्लार्क झालो. शाळांना कुलपं, पोरं गुरांमागं, मास्तर समुद्रापलीकडं, आणि साताऱ्यात भिंतीवर रेघ चढतेय! लाज वाटायला हवी होती. मी घरी पेढे नेले.

पण एवढ्यावर मी गप्प बसलो नसतो तीस वर्षं. असली लबाडी कचेऱ्यांतून उदंड चालते, आणि ती करणारे सुखानं झोपतात. मला सांगायचंय ते पुढचं आहे.

सखाराम गुरुजी. त्या डोंगरातल्या एका वाडीवर एकटेच शिक्षक होते. वाडीचं नाव सांगत नाही, वाडीनं काही केलेलं नाही. उंच, सावळा, तिशीचा माणूस. लढाईवर जायच्या आधी कचेरीत आला, माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "आवं रावसाब, वाडीवर टपाल कुटलं येतंय? पलटणीत तुमच्या कचेरीचा पत्ता देतू. तुमी तेवडं घरला धाडा. बायकू वाचती माजी, चवथी शिकलीया." बायकोचं शिकणं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला अजून दिसतं. डोंगरातले पुष्कळ शिक्षक असंच करायचे. टपाल कचेरीत यायचं, मी ते शाळांच्या डाकेत घालायचो, आणि कुणी ना कुणी ते वर पोचवायचं. मी हो म्हटलं. दीड वर्ष त्याची पत्रं मी नेमानं धाडली. हे माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाही — मला त्या घराचा पत्ता पाठ होता, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.

लढाईच्या पाचव्या वर्षी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एक लिफाफा आला. पलटणीचा. यमुना सखाराम, मार्फत आमची कचेरी. आत इंग्रजीत टाइप केलेल्या चार ओळी आणि एक फॉर्म. वाडीवर इंग्रजी कोण वाचणार, म्हणून असली पत्रं मी फोडायचो, मराठीत उतरवायचो आणि मग धाडायचो. फोडलं. सखाराम गुरुजी ब्रह्मदेशात मारले गेले होते. फॉर्म बायकोच्या पेन्शनीचा होता.

मी काय केलं असेल? काय करतो माणूस? दोन मिनिटं सुन्न बसला असेल, डोळ्यांत पाणी आलं असेल — नाही हो. मी भिंतीकडं बघितलं. मोजणीला चार दिवस होते. हे नाव काढायचं म्हणजे कारण लिहायचं — लढाईत मृत. मग कुणीतरी विचारणार, लढाईत गेलेला माणूस 'हजर' रकान्यात कसा? मग बाकीची नावं बघणार. मग ही अक्कल कुणाची, तेही निघणार.

म्हटलं, मोजणी होऊन जाऊ दे. चार दिवसांचा तर प्रश्न. मेलेला माणूस चार दिवसांनी काही जास्त मरत नाही. हे मी तेव्हा खरोखर म्हटलं होतं, स्वतःशी, आणि मला ते हुशारीचं वाटलं होतं. पत्र टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं.

चार दिवस झाले. मग म्हटलं, निदान आकडे वर पोचू देत. मग पाऊस लागला, वाट बंद. दिवाळीच्या सुमाराला पलटणीचं स्मरणपत्र आलं, फॉर्म का भरला नाही म्हणून. तेही त्याच कप्प्यात.

मग वाडीचा अर्ज आला. बायकी, गोल, जपून काढलेलं अक्षर — यमुनेचंच. वाडीत दुसरं लिहिणार कोण? चावडीवर म्हाताऱ्यांनी सांगितलं असणार आणि तिनं लिहिलं असणार: आमचे गुरुजी लढाईवर गेले, दोन वर्षं शाळा बंद आहे, दुसरे गुरुजी द्यावेत. आणि खाली, जागा उरली होती म्हणून की काय, तिचं स्वतःचं एक वाक्य — मी माझ्या परीने मुलांस पडवीत बसवून शिकवते, पण मला चौथीपुढचे येत नाही.

या अर्जाला उत्तर ठरलेलं होतं. छापील नव्हे, पण पाठ. असे अर्ज बऱ्याच गावांतून यायचे आणि सगळ्यांना तेच जायचं. हाताखालच्याला सांगायचीही गरज नव्हती, तोच लिहून टाकायचा, पण हे मी माझ्या हातानं लिहिलं, सवयीनं, पान खाता खाता: 'सदर गावी शिक्षक श्री. सखाराम हे कामावर हजर आहेत. सबब नवीन शिक्षक देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.' शिक्का मारला. पाठवलं.

तुमच्या लक्षात येतंय का? माझ्या नाही आलं. शपथेवर सांगतो, नाही आलं. मी एका शाळेला उत्तर देत होतो. ते पत्र कोण वाचणार, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

पंधरा दिवसांनी ती आली. बरोबर म्हातारा सासरा. वाडीपासून साताऱ्यापर्यंत दोन दिवस चालत आली होती दोघं. खिडकीपाशी उभी राहिली, घामानं डबडबलेली, आणि पदराच्या गाठीतून माझाच कागद काढून माझ्यापुढं धरला.

"ह्यो कागद तुमचाच न्हवं?"

मी म्हटलं, हो.

"वरीसभर पत्तर न्हाई त्येंचं. आमी आशाच सोडली हुती. चावडीवर मीच वाचला ह्यो कागद. आन् तशीच निगालो आमी," ती म्हणाली. "हजर हायती म्हंजी — कुटं हायती ह्ये?"

सासऱ्यानं हात जोडले होते. "कवा आला आमचा सखा? दावा तरी एकडाव. काय बोलत न्हाई आमी त्येला, येळ झाला म्हून."

खालचा कप्पा माझ्या गुडघ्याला लागत होता. एका हातानं उघडायचा होता, एवढंच. मेला तो, बाई. माझी चूक झाली, त्या कागदाचा काही अर्थ नाही. दोन वाक्यं! समोर साहेबांचं दार उघडं होतं. आत खुर्ची करकरली.

मी म्हटलं, "नोंद आहे म्हणजे असणार. सरकारी कामावर दुसरीकडं कुठं पाठवलं असेल. चौकशी करून कळवतो."

ती रडली. आनंदानं रडली हो! माझ्यासमोर, माझ्या खिडकीत. सासरा खाली बसला आणि त्यानं देवाचं नाव घेतलं. मग तिनं फडक्यात बांधलेला घेवडा खिडकीतून आत सरकवला. "नको म्हनू नगा," म्हणाली, "घरचा हाय, यंदा लय झालाय." माझ्या बायकोनं तो घेवडा शिजवला. चांगला होता. मी दोनदा मागून घेतला.

काय म्हणावं अशा माणसाला? मी आजवर शब्द शोधतोय. साहेबांसाठी मला पुष्कळ शब्द सुचतात.

आणि त्या सगळ्या वर्षांत त्या वाडीची पोरं शिकत होती. पडवीत, तिच्यापाशी, फुकट. यमुना कुठल्या रकान्यात होती? कुठल्याच नाही. मेलेल्या नवऱ्याला मी दर मार्चमध्ये शिक्षक म्हणून मोजत होतो, आणि जी खरोखर शिकवत होती ती माझ्या लेखी कुणीच नव्हती. अन् म्हणे प्रगती!

लढाई संपली. माणसं परत आली, काही आली नाहीत. साहेबांना बढती मिळाली, ते पुण्याला गेले, जाताना तक्त्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. स्वराज्य आलं. नव्या शाळा, नव्या भरत्या, आता खरोखरच शिक्षक वाढायला लागले. मग आमची जुनी नावं अडचणीची झाली. एकेक नाव मी गुपचूप काढत गेलो, जसं जमेल तसं कारण लिहीत. सखाराम गुरुजींपुढं काय लिहिणार? मृत लिहायचं तर तारीख हवी, आणि तारखेबरोबर तीन वर्षांचं सगळं बाहेर येणार. मी लिहिलं — नोकरी सोडली.

वाडीला पत्र गेलं: श्री. सखाराम यांनी नोकरी सोडल्याने त्यांच्या जागी नवीन शिक्षक नेमण्यात येत आहे. या वेळी मला ठाऊक होतं कोण वाचणार ते. चावडीवर, सगळ्यांसमोर, तिच्याच तोंडून. ठाऊक असून पाठवलं. पहिल्या पत्राला अडाणीपणा म्हणा हवं तर. याला काय म्हणाल?

शाळा पुन्हा उघडली तेव्हा नवे साहेब वाडीवर गेले, आणि त्यांनी मला बरोबर घेतलं. टाळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. जीप मेढ्यापर्यंत, पुढं चढण. नवे साहेब भला माणूस. पोरांना वाचायला लावलं त्यांनी. पोरं घडाघडा वाचायला लागली, पाढे म्हणाली. साहेब चकित झाले, "चार-पाच वर्षं शाळा बंद ना? मग यांना शिकवलं कुणी?"

पाटलानं पडवीकडं बोट केलं. "ती हाय की, यमुना. टाकलेली बाय हाय साहेब, हितंच पडून असती. नवरा मास्तर हुता हितला. लढाईला म्हून ग्येला, आन् तिकडंच कुटं सातारला दुसरी करून बसला. नोकरी बी सोडली म्हनं. बापाच्या मयताला सुदिक फिरकला न्हाई मुडदा."

मुडदा म्हणाला. सखाराम गुरुजींना. सगळी वाडी हेच बोलत होती, हसून, थुंकून. सासरा लेकाला शिव्या देत मेला होता.

साहेब पुढं गेले शाळा बघायला. मी मागं राहिलो, आणि ती आली. कुंकू ठसठशीत. मला ओळखलं तिनं. "तुमीच न्हवं खिडकीतलं?" जवळ आली, आवाज खाली आणला. "रावसाब, येवडं खरं सांगा. मी कुनाला बोलायची न्हाई. दुसरी केली का त्येंनी?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाई."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "आसू दे. जित्तं हायती न्हवं? मग आसू दे." आणि आम्हाला चहा करायला आत गेली.

दुसऱ्या वर्षी जिल्ह्याचे दोन भाग झाले, माझी सांगलीला बदली झाली. टेबल आवरताना खालचा कप्पा उघडला. दोन्ही पत्रं सांगलीला आणली आणि इथल्या घरात, चहाचं आधण ठेवलेलं असताना, चुलीत घातली. पेन्शनीचा फॉर्मही.

आता वाडीची बरीच माणसं पलूसकडं ऊसतोडीच्या कामाला येतात. गेल्या वर्षी त्यातला एक भेटला, त्याच्याकडून कळलं — यमुना गेली. वडाच्या पुनवेला दरवर्षी नवऱ्यासाठी उपास धरायची, वडाला दोरा गुंडाळायची, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. टाकलेली आणि उपास धरते! गेली तेव्हा सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवायचं की नाही, यावर दारात वाद झाला म्हणे. तो माणूस हे सांगताना हसत होता. मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. त्याच्या? त्यानं काय केलं होतं?

परवाच्या त्या बाकावर मी इतका ओरडलो ते काय मोठी सत्याची चाड होती म्हणून? जे मी केलं ते दुसऱ्या कुणी केलं असेल, या नुसत्या शंकेनं माझं डोकं फिरतं. स्वतःवर ओरडायची हिंमत तीस वर्षांत झाली नाही.

तर आता लिहून ठेवतो. सखाराम गुरुजींनी बायको टाकली नाही. त्यांनी नोकरी सोडली नाही, दुसरं लग्न केलं नाही, बापाच्या मयताला यायचं टाळलं नाही. ते लढाईच्या पाचव्या वर्षी ब्रह्मदेशात मारले गेले. ते त्यांच्या बायकोला कळवायचं काम माझ्याकडं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. तिनं तोंडावर विचारलं, तेव्हाही.